बॅटरी वाळूत होती

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शिकवायला नको... भूत, चकवा, करणी, यातलं मी काहीही मानत नाही. या पानावरचे तुमचे अनुभव मी जेवताना वाचते आणि निम्म्या वेळा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत हसते. माझं कामच असं आहे की काही बिघडलं की कारण शोधायचं, आणि सापडेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. घरात मला जळू म्हणतात. पण ही एक गोष्ट अशी आहे, जिच्या मागे मी इतकी वर्षं हात धुऊन लागले आहे आणि हाताला काही लागलेलं नाही. म्हणून इथे लिहिते. हसायचं असेल तर हसा, मीही तुमच्यावर हसलेच आहे.

२०१४ चा मे महिना. आम्ही करंजाड्याला नुकतेच राहायला आलो होतो आणि मी पनवेल-उरण रस्त्यावर, गव्हाण फाट्याच्या अलीकडे, एका कंटेनर यार्डात नोकरी करत होते. बंदरात माल उतरवून रिकामे झालेले कंटेनर आमच्याकडे यायचे. ते तपासायचे, डागडुजी करायची आणि ट्रेलरवर चढवून परत बंदराला पाठवायचे, हा धंदा. माझं पद 'सिस्टिम्स एक्झिक्युटिव्ह'. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून पुढचं सगळं!

त्या वर्षी मालकांच्या डोक्यात क्लाउड शिरला. कंटेनर तपासणारे सर्व्हेअर तोवर कागदावर टिपणं करायचे. आता प्रत्येकाने आपापल्या फोनवर अ‍ॅप घ्यायचं, फोटो काढायचे, ते आपोआप ऑफिसच्या फोल्डरमध्ये येणार, आणि कुठला कंटेनर कुठल्या पायरीवर आहे ते सगळ्यांना दिसणार. फोन मात्र कंपनी देणार नाही. ज्याचा त्याचा.

सगळ्यात जास्त कुणी भांडलं असेल तर कमलाकरदादा. गव्हाणचे कोळी, आमचे सगळ्यात जुने सर्व्हेअर. रिटायरमेंट जवळ आलेली, आवाज असा की समोरच्या होडीला हाक मारतायत.

"फोन माजा, रिचार्ज माजा, न् फोटू तुमचं? ह्यो कुठला न्याय, म्याडम?"

"फक्त कंटेनरचे फोटो येतील, दादा. घरचा एकही येणार नाही. शब्द देते."

पहिल्याच आठवड्यात माझा शब्द पाण्यात गेला. त्यांच्या धाकट्या भावाच्या नव्या होडीची पूजा होती. तिचे सगळेच्या सगळे फोटो ऑफिसच्या फोल्डरमध्ये! डोक्यावर लाल टोपी, हातात नारळ, डोळे मिटलेले कमलाकरदादा. अख्खं ऑफिस खो-खो हसलं आणि दादा दोन दिवस माझ्याशी बोलेनासे झाले. मी त्या दिवशी हट्टाने बसून सेटिंग बदललं. यापुढे अ‍ॅप उघडून काढलेलाच फोटो वर जाणार, दुसरा कुठलाही नाही. हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कंटेनर तपासताना शेवटी लाईट टेस्ट करतात. एक माणूस रिकाम्या कंटेनरमध्ये शिरतो, दुसरा बाहेरून दारं लोटतो. आत मिट्ट काळोख. पत्र्याला कुठे बारीक भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो, म्हणजे तिथून पाणी आत जाणार. अ‍ॅपचा फॉर्म बनवताना मी स्वतः एकदा आत उभी राहिले होते. दोन मिनिटांत घामाने निथळले. या टेस्टचा फोटो कुणी काढत नाही. नुसत्या काळोखाचा फोटो कशाला काढायचा? फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती.

पूर्वी आत माणूस असला की दाराच्या दांड्याला लाल फडकं बांधायचे. अ‍ॅप आल्यावर आमचे ऑपरेशन्सचे सावंत सर म्हणाले, "आता स्क्रीनवर पिवळं दिसतं ना, सर्व्हे चालू आहे म्हणून? मग ही फडकी कशाला? मागासलेपणा नुसता." झालं, फडकी गेली.

त्या दिवशी सकाळी दादा फोन घेऊन माझ्या टेबलाशी आले. "म्याडम, ह्याचा पोट फुगला बगा." बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. मी बॅटरी काढली आणि आग विझवायला दाराबाहेर वाळूची बादली असते तिच्यात नेऊन खुपसली. फोन माझ्या खणात ठेवला. पनवेलच्या लाईन आळीतल्या दुकानातून संध्याकाळी नवी बॅटरी आणायची ठरली. दादांनी आपला डबा नेहमीसारखा माझ्या टेबलाखाली सरकवला, तिथे एसीचा गारवा येतो म्हणून. "बोंबलाचं कालवण हाय, लात मारू नका," एवढं बजावून ते परेशबरोबर यार्डात गेले. परेश म्हणजे त्यांचा जोडीदार, पनवेलचा, पंचविशीतला. त्या दिवशी दोघांची नोंद परेशच्या फोनवरूनच होणार होती.

जेवणाची सुट्टी संपत आली असताना दादांच्या नावाच्या फोल्डरमध्ये एक फोटो आला.

पूर्ण काळा. मला वाटलं, जुना अडकलेला काहीतरी आत्ता चढला असेल. उडवणार होते, पण सवयीने मोठा करून पाहिला. काळ्यात तीन पांढरे ठिपके. दोन वर, अगदी जवळ जवळ. एक खाली, बाजूला.

मी खण उघडला. फोन तिथेच. मागचं झाकण नाही, बॅटरीची जागा रिकामी. बाहेर जाऊन बादलीत हात घातला. बॅटरी वाळूत. मनात म्हटलं, अनघा, सर्व्हरचा घोळ आहे, डोकं शांत ठेव. परत येऊन बसते तर दुसरा फोटो आलेला. तेच तीन ठिपके, पण थोडे सरकलेले. फोटो काढणारा जरासा कलंडला असावा तसे.

तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी लागलं. दादांचा डबा. जड, भरलेला. दादा एक वेळ पगाराचा दिवस विसरतील, पण जेवणाची वेळ? शक्यच नाही! ते ठिपके काय आहेत ते मला कळलं होतं.

परेशला फोन लावला. तो यार्डाच्या दुसऱ्या टोकाला होता.

"दादा कुठे आहेत?"

"जेवायला आले असतील ना तिकडे?"

"नाही आलेत. शेवटची लाईट टेस्ट कधी केलीत?"

पलीकडून रडवेला आवाज आला, "मॅडम, मी दार लोटलं... नेटवर्कसाठी कोपऱ्यावर गेलो... दोन मिनिटांचं तर काम, म्हणून तिथूनच ओके दाबलं. तेवढ्यात सरांनी दुसरीकडे पिटाळलं. मला वाटलं, दादा दार ढकलून येतील बाहेर."

ओके दाबलं म्हणजे स्क्रीनवर कंटेनर हिरवा झाला. हिरवा झाला म्हणजे क्रेनवाल्याला त्याच्या फोनवर दिसलं, उचला. आणि दार नुसतंच लोटलेलं पाहून कुणीतरी चांगल्या मनाने बाहेरून दांडे आवळले असणार. मेच्या उन्हात, बंद लोखंडी पेटीत माणूस! क्रेनच्या आणि जनरेटरच्या खणखणाटात आतून कितीही हात आपटले तरी कुणाला ऐकू जाणार?

"नंबर काय त्याचा?"

"आठवत नाही हो! सकाळपासून किती केले, इकडे येऊनही केले... सगळे सारखेच." माझ्या स्क्रीनवरही हिरव्या नंबरांची नुसती रांग होती, कुठला कधी झाला ते त्यात दिसत नव्हतं.

स्क्रीनवर तिसरा फोटो आला. या वेळी ठिपके नव्हते. ओढल्यासारख्या तीन रेघा होत्या. मी खुर्ची सोडली. फोटो काढताना हात हलला असेल किंवा पेटी हलत असेल, आणि पेटी हलत असेल तर ती ट्रेलरवर होती.

गेटवर दोन ट्रेलर बाहेर पडायच्या बेतात होते. मी धावत जाऊन गेटचा आडवा दांडा स्वतः खाली पाडला. "दोन्ही उघडा!"

सावंत सर केबिनमधून धावत आले. "अनघा, वेड लागलंय का? बंदराची वेळ गाठायची आहे!"

"कमलाकरदादा आत आहेत, सर."

"कुणी सांगितलं?"

काय सांगणार होते? खणातल्या मेलेल्या फोनने? मी म्हटलं, "त्यांचा डबा तसाच आहे."

"डबा?" सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पहिला कंटेनर उघडला. रिकामा. दुसरा उघडला. आतून नुसती वाफ आली. रिकामा. जमलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. सर दात-ओठ खात म्हणाले, "झालं समाधान? उद्या मालकांना काय सांगायचं ते तूच सांग."

"सांगीन. याच्या आधी किती गेले?"

"एक गेला आत्ताच," गेटवरचा माणूस म्हणाला.

मी सरांकडे पाहिलंही नाही. स्कूटी काढली, धापा टाकत आलेल्या परेशला मागे बसवलं आणि उरणच्या रस्त्याला लागले. माझं चुकलं असतं तर नोकरी गेलीच होती. पण बरोबर असले आणि गेलेच नाही तर? त्या विचाराने मी अशी स्कूटी पळवली की परेश मागे देवाचं नाव घेत होता.

गव्हाण फाट्याला गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून ट्रेलर सापडला. मी स्कूटी त्याच्या तोंडासमोर आडवी घातली.

"मॅडम, मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"दरवाजा खोलो! आदमी है अंदर!"

तो शिव्या देत उतरेपर्यंत परेश दांड्यांना झोंबलाच होता. दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ अंगावर आली. दाराशेजारी पत्र्याला टेकून कमलाकरदादा बसले होते. शर्ट काढलेला, मान छातीवर, ओठ पांढरे पडलेले. परेश "दादा, दादा" करत लहान पोरासारखा रडायला लागला. शिव्या देणाऱ्या त्याच ड्रायव्हरने आपला पाण्याचा कॅन त्यांच्या डोक्यावर रिकामा केला आणि दोन्ही हातांवर उचलून त्यांना खाली आणलं. दादांनी डोळे किलकिले केले. त्यांनी माझा हात धरला तेव्हा मला रडू फुटलं. भर रस्त्यात, पन्नास माणसांसमोर, मी हुंदके देऊन रडले.

पनवेलच्या हॉस्पिटलात सलाईनवर सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले, तर दादा पेज पीत बसले होते.

"लय वरडलो, म्याडम. मंग आवाजच निगंना. तिकडं तीन भोकं व्हती, त्यांच्याकडं बगत बसलो. मनात बोललो, आज फोन असता तं म्याडमला फोटू धाडला असता."

मी प्रिंट काढून आणलेला पहिला फोटो त्यांच्यासमोर धरला. दादांनी पेजेची वाटी खाली ठेवली. फोटो हातात घेतला.

"ह्योच," ते म्हणाले. "असाच दिसत व्हता. कुनी काडला?"

"तुमच्या फोनने."

"फोन तं तुमच्याकडं व्हता."

"हो."

मग मी कामाला लागले. अ‍ॅपवाल्या कंपनीच्या इंजिनिअरला तीन वेळा बोलावलं. तो म्हणाला, फोटो त्याच फोनवरून आलेत, आणि तो फोन सकाळपासून बंद आहे, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. नवी बॅटरी घालून फोन सुरू केला. त्यात ते फोटो नव्हतेच. शेवटचा फोटो आदल्या दिवशीचा, पोचा आलेल्या कंटेनरचा. एक मित्र म्हणाला, जुने फोटो असतील कुठले तरी. ठीक आहे. मी तो कंटेनर परत मागवला आणि दाराबाहेर परेशला लाल फडकं बांधून उभं करून स्वतः आत गेले. उभ्याने पाहिलं तर ठिपके फोटोसारखे दिसेनात. मग दादा बसले होते तिथे, पत्र्याला टेकून बसले... दोन वर जवळ जवळ, एक खाली बाजूला. तंतोतंत. मी पुरतं पाहून मगच दार ठोठावलं.

फडकी परत आली. त्यासाठी मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि होकार मिळाल्याशिवाय उठले नाही. सावंत सरांनी पहिलं फडकं स्वतः बांधलं, हेही लिहायला हवं.

पुढच्या वर्षी दादा रिटायर झाले. नियम असा की माणूस सोडून गेला की त्याचा फोन सिस्टिममधून काढायचा, फोल्डर बंद करायचा. शेवटच्या दिवशी ते फोन घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी म्हटलं, "चला दादा, आजपासून फोन फक्त तुमचा. आता कंपनीला काही दिसणार नाही."

त्यांनी फोन पुढे केलाच नाही. पहिल्या दिवशी माझ्याशी भांडलेला हा माणूस. हळू आवाजात म्हणाले, "काडू नका, म्याडम. ऱ्हाऊ द्या जोडल्याला."

मी नियम मोडला आणि ठेवला. आता तो फोन त्यांच्या घरी कपाटात पडून आहे, बॅटरी कधीच काढलेली. दादा धडधाकट आहेत, गव्हाणला जाळी विणत बसतात आणि मी भेटायला गेले की बोंबील बांधून देतात. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. मी अजून त्याच यार्डात आहे आणि संध्याकाळी निघताना एकदा त्यांचं फोल्डर उघडते. त्यात नवं काही नसलं की मगच स्कूटी काढते.