बॅक म्हणजे बॅक डेट

कुम्हारीला हायवेलगत रोलर बनवायचा एक खाजगी कारखाना होता. त्याच्या स्टोअरचे प्रमुख भाऊराव बोंडे अंगाने बारीक, पण संशयाने भरभक्कम. स्मृती नगरातून सकाळच्या बसला निघताना, बायको वच्छलाबाई घरात असल्या तरी, ते दार बाहेरून ओढून बघत. पेरू घ्यायचे तर पेरूवाल्याला आधी एक खायला लावत. तो जिवंत राहिला की मग पाव किलो.

या संशयाला कारण होतं. एकोणऐंशी साली त्यांचे जोडीदार गुलाबराव याच स्टोअरला होते. एका साहेबांनी तोंडी सांगितलं, मंगळवारी गेलेला माल आधीच्या शनिवारच्या तारखेला दाखवा. गुलाबराव भोळे, त्यांनी दाखवला. तपासणी आली तोवर साहेबांची बदली झाली होती आणि कागदावर सही एकट्या गुलाबरावांची. नोकरी गेली, ते नागपूरच्या गाडीत बसले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून बॅक डेट हा भाऊरावांच्या लेखी खुनाच्या खालोखालचा गुन्हा. पाठ दुखली तरी डॉक्टरांना बॅक म्हणायचे नाहीत.

आता सत्त्याण्णव साल होतं. रिटायर व्हायला दोन महिने, आणि निघताना तपासणी ठरलेली. एकही नग कमी निघाला किंवा एकही तारीख पुढेमागे झाली तर इतक्या वर्षांच्या कोऱ्या नावावर डाग. नेमका तेव्हाच स्टोअरमध्ये कम्प्युटर आला आणि त्याचा प्रोग्राम लिहायला चरोद्याची विजया आली. वडील रेल्वेत गार्ड, शिक्षण नागपूरला, बोलणं अर्धं हिंदी. पहिल्याच दिवशी तिने कम्प्युटरचा पडदा दाखवला. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक बटन होतं: BACK.

भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बटन तिथेच.

"मले सांग बाई," आवाज खाली घेऊन ते म्हणाले, "हे लावायले तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाही काका. मागच्या पडद्यावर जायला लागतंच."

"मी कधी मागं गेलो नाही. मले कायले लागते?"

पुढचे आठ दिवस त्यांनी त्या बटनाकडे बोट नेलं नाही. चुकीच्या पडद्यावर गेले तर सरळ मशीन बंद करत आणि पहिल्यापासून सुरू करत. जेवायला जाताना बटनावर कोणी हात ठेवू नये म्हणून माऊस ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावत. आम्ही शेजारच्या खरेदी विभागातली मंडळी हसायचो. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, गुलाबरावही हसतच होता.

शेवटी विजयाच वैतागली. तिचंही काम अडलं होतं. भाऊरावांची सही झाल्याशिवाय प्रोग्राम पास होणार नव्हता. काका, तुम्हीच तपासा, तुम्हाला पाहिजे तसं तपासा, असं ती म्हणाली. असं आमंत्रण भाऊरावांना जन्मात कोणी दिलं नव्हतं.

त्यांनी टेबलावरची तार पुढे ओढली. लाकडी ठोकळ्यात उभी केलेली, माल घेऊन जाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टोचायची ती जुनी तार. मग कागदाचे कपटे फाडले. यादीचा पडदा सोडून पुढे गेले की 'यादी' लिहून कपटा टोचायचा. बेअरिंगचा पडदा सोडला की 'बेअरिंग' टोचायचा. असे ते माल द्यायच्या पडद्यावर पोचले. एक बेअरिंग दिलं म्हणून लिहिलं आणि डोळे मिटून BACK दाबलं.

बेअरिंगचा पडदा आला. तारेवरचा वरचा कपटाही 'बेअरिंग'. तो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. आता उरला 'यादी', म्हणजे पुढे यादी यायला हवी. परत दाबलं. आला पुन्हा माल द्यायचा पडदा, तेच बेअरिंग भरलेलं, देऊ का म्हणून विचारत. आणखी एकदा दाबलं, बेअरिंग. आणखी एकदा, पुन्हा माल द्यायचा.

भाऊराव खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. त्यांचा चेहरा चोर सापडल्यासारखा उजळला होता.

"पाह्य बाई. एकच बेअरिंग हे मशीन दोनदा देऊन राहिलं. तपासणीत एक कमी भरलं, तर कोणाच्या नावावर?"

विजया म्हणाली, असं व्हायला नको, आपण गेलो तो प्रत्येक पडदा तर प्रोग्राम बरोबर लिहून ठेवतोय. जातानाही आणि येतानाही.

"येतानाही?" भाऊराव बसले. 'बेअरिंग'चा कपटा उचलून त्यांनी परत तारेवर टोचला आणि मग सावकाश काढला. "येतानाची चिठ्ठी टोचत नाहीत. काढतात. तू वापस येतानाही टोचून राहिली, म्हणून तो इथल्या इथं फिरून राहिला."

विजया तारेकडे बघतच राहिली. मग मशीनपुढे खुर्ची ओढून बसली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठली नाही. दुपारी BACK दाबल्यावर आधी बेअरिंग आणि मग यादी आली. आणखी दाबलं तर बटन फिकट पडलं, कारण तार रिकामी होती. भाऊराव स्वतः मांडणीपाशी जाऊन बेअरिंग मोजून आले. मग पडद्यावरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी लावून पाहिली.

"आज बरोबर आहे," ते म्हणाले आणि सही केली. सहीखाली 'आजपुरते' असंही लिहिलं.

तपासणीत एक नग इकडचा तिकडे निघाला नाही. निरोपाच्या दिवशी हार, नारळ झाल्यावर भाऊरावांनी ती तार उचलून विजयापुढे ठेवली. तिचे डोळे भरून आले, ती पाया पडायला वाकली. भाऊरावांनी तिला मध्येच थांबवलं.

"पहिले चिठ्ठी लिही. एक तार, विजयाबाईंना दिली. सही कर. आणि तारीख आजची."

तिने लिहिलं, मशीनमध्येही भरलं. 'तार, शिल्लक शून्य' असं पडद्यावर येईपर्यंत ते गळ्यात हार घेऊन उभे होते. मग स्वतःच्या बोटाने त्यांनी BACK दाबलं, दोनदा. यादी आली. तारेपुढे अजूनही शून्यच होतं.

बस चुकली त्यांची, पण ते चिडले नाहीत.