वजन उचललं होतं का?

एमडीच्या थीसिसचा आराखडा ठरवायचा होता तेव्हा मला दिवस गेलेले होते, आणि तिसरा महिना भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं आईने एसटीडी फोनवर बजावलं होतं. चंडीगढमध्ये सांगणार तरी कुणाला? गाईड मॅडमनी विषय दिला, पोटात दगावणारी बाळं.

पर्याय दोन होते. शहराच्या कडेला असलेल्या मनीमाजऱ्यातल्या गरोदर बायका गाठायच्या, दर महिन्याला त्यांच्या घरी जायचं आणि कुणाचं बाळ दगावतं ते बघत राहायचं. नाहीतर ज्यांचं गेलं त्यांना आणि ज्यांचं जगलं त्यांना मागचं सगळं विचारायचं. मॅडमना पहिला हवा होता. वेळ पुरणार नाही, असं सांगून मी दुसरा धरून बसले. खोटं होतं ते. एखादीच्या हातचा चहा पीत तिचं वाईट होण्याची वाट बघणं मला झेपणार नव्हतं. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

"आसान रास्ता ढूँढती हो," म्हणत मॅडमनी सही केली.

पहिल्याच घरी बाळ गेलेली बाई होती. जड वजन उचललं होतं का, मी विचारलं. तिला एकूणएक आठवत होतं. कुठली बादली, कितव्या पायरीवर टेकवली. मग म्हणाली, "उसी से हुआ, डॉक्टर जी?" मी पुढचा प्रश्न वाचला. मग शेजारणीला तेच विचारलं; तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं बाळ खेळत होतं. ती हसली. "उठाया होगा जी, कौन याद रखे!" दोघी एकाच नळावर पाणी भरायच्या.

पुढे घरोघरी हेच. गेलेल्यांच्या आयांना सगळं आठवायचं, जगलेल्यांच्या आयांना काहीच नाही. मी बादलीला हात लावणं सोडलं. किती जिने चढले, रिक्षा कुठे आदळली, सगळं वहीत लिहू लागले. नवरा चेष्टा करायचा. मी त्याच्यावर खेकसायचे.

मुलगी सुखरूप झाली. माझीच प्रश्नावली घेऊन माझी ज्युनियर आता तशीच घरं फिरत होती. जगलेल्या बाळाची एक आई कमी पडते म्हणून सोय बघत ती माझ्याकडेच आली. वजन उचललं होतं का? मी सांगत सुटले. वार, जिना, पिशवीतले बटाटे.

तिचं पेन थांबलं. तिने पाळण्याकडे पाहिलं.

"मॅम," ती हळूच म्हणाली, "बच्ची ठीक तो है ना?"