देवापुढचा बल्ब

श्रावणी सोमवार होता. महादेवाच्या देवळाची निम्मी वाट सरली, तरी अनवाणी उमाबाईचा पाय काही ढिला पडत नव्हता. शेजारची शिवरंजनी मागं रेंगाळत होती.

"उमाक्का, जरा हळू की."

"हळू चाललं की लोक गाठून सल्ला देतात."

सल्ल्याला ती विटली होती. नवरा गेला तेव्हा थोरले दीर शंभुलिंग म्हणाले होते, लेकीकडं जा. ती हलली नाही. शिलाई मशीन पुढच्या खोलीत मांडलं आणि निम्म्या मुरुम गावाची पोलकी शिवून घर चालवलं. यंदा घराची वाटणी झाली. मधे भिंत आली, मीटर वेगळं झालं, तिच्याकडं नवा बोर्ड बसला. देवघर तिच्या बाजूला, देव मात्र दोघांचा. तेव्हापासून देवापुढचा बल्ब लावला, की मेन स्विच खटकन पडायचा आणि घरभर अंधार.

"देवालाच तू नको आहेस," शंभुलिंग तेव्हा म्हणाले होते. "देव माझ्याकडं येऊ दे, तू लेकीकडं जा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" हे ऐकून शिवरंजनीनं चालता चालता विचारलं.

"म्हणलं, भावजी, देवाला काय सांगायचं ते मला सांगंल की. तुम्ही मधी कशाला?"

त्या दिवशी उमाबाईनं सगळी बटणं बंद करून मेन वर केला होता, आणि एकेक लावत गेली होती. पंखा चालला, फ्रिज चालला, मशीनवरचा दिवाही. देवघराचं बटण दाबलं आणि मेन पडला. बल्ब बदलला, तरी पडला. बसप्पा वायरमननं तार धुंडाळली. वीज जायची तिच्या बोर्डातून, पण परतीची तार जुन्या वाटेनं भिंतीपलीकडं, दिरांच्या बोर्डात. गेलेली वीज परत येईना, म्हणून नवा मेन गळती समजून पडायचा. मीटर एक होतं तोवर कुणाला पत्ताच नव्हता.

"वाटणी झालेली तारेला कुणी सांगितलंच न्हाय," उमाबाई म्हणाली. "आज सकाळी बसप्पानं ती माझ्या बोर्डात आणली. बल्ब अजून लावला न्हाय म्या."

"का?"

"दिवेलागणीलाच लावणार. भावजी तवा ओसरीवर बसत्यात. दर्शनाला खुशाल यावं त्यांनी, दार उघडं हाय. पण देव जाग्यावरनं हलायचा न्हाय, अन् मीबी न्हाय."

देवळाचा कळस दिसला. तिनं उभ्या उभ्याच हात जोडले, मग शिवरंजनीकडं वळली.

"सांजच्याला ये, पोरी. मी बटण दाबते, तू मेनपाशी उभी ऱ्हा. पडला न्हाय तर मोठ्यानं सांग. भिंतीपलीकडं ऐकू जाईल, असं सांग."