तानेपाशी हँग होणारे काका

राजेंद्र नगरातल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं गाणं शिकवलं. मग करोनाच्या साथीत सगळे शिष्य लॅपटॉपमध्ये गेले आणि साथ ओसरल्यावरही काही जण तिथून बाहेर यायला तयार होईनात. त्यातलेच एक शहराच्या दुसऱ्या टोकाला, खजराण्याकडे राहणारे काका. बँकेतून रिटायर झालेले, आवाज भारदस्त, वयानं माझ्या वडिलांच्या जवळपासचे, पण मला 'मॅडमजी' म्हणायचे.

"मॅडमजी, ट्राफिकमध्ये कोण मरेल? आपलं ऑनलाइनच मस्त चाललंय."

मस्त कसलं! दोघांनी एकत्र गायचं म्हटलं, तर माझा सा संपल्यावर त्यांचा सा इकडे पोचायचा. म्हणून आधी मी गायचं, मग त्यांनी. त्यात ते अ‍ॅप अतिशहाणं. लांब सूर लावला की त्याला तो पंख्याचा आवाज वाटायचा आणि ते सूरच गाळून टाकायचं. सेटिंग बदलून मी त्याची खोड मोडली. काकांची खोड मात्र वेगळी होती.

आलाप ते गोड गायचे. पण तान आली की काका हँग. तोंड उघडं, हात वर, डोळे अर्धे मिटलेले. मी हाका मारमारून थकले की हळूच हलायचे.

"अरे यार, हे नेटवर्क! मी तर पूरी तान घेऊन टाकली. तुमच्याकडे नाही आली?"

"नाही."

"छान झाली होती."

मी बिचारी हळहळायची.

एका सकाळी काका असेच हँग झालेले असताना त्यांच्या मागून काकू पोह्यांची प्लेट घेऊन आल्या. "असे का बसलात? कुठे दुखतंय का?" त्यांनी विचारलं. काका ढिम्म. काकूंनी प्लेट ठेवली, वरून मूठभर शेव टाकली, आणि काकांची बुबुळं सावकाश पोह्यांकडे वळली.

तिथेच पकडण्यात काय मजा? पुढच्या वेळी मी तान गाऊन दाखवली आणि आ वासून, हार्मोनियमवर हात ठेवून स्वतःच हँग झाले.

"मॅडमजी? ओ मॅडमजी?" काकांनी पडद्यावर टकटक केली. मग आत ओरडले, "अगं, मॅडमजी गेल्या!"

"अगंबाई! कधी?"

"हँग झाल्या गं!"

मला नाकाला खाज सुटली होती, पण हलले नाही. काकांनी पाय वर घेतले, इकडेतिकडे बघितलं आणि तान सुरू केली. मध्येच घसरले. "धत्!" म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा घसरले. मग एकदा मात्र ती तान वरून सरळ उतरली आणि सा वर येऊन नीट बसली. माझ्या तोंडून 'वाह' निघतच होतं, ते मी गिळलं.

त्यानंतर मी दर क्लासला हँग होऊ लागले आणि काकांची तान सुधारत गेली. शेवटी काकूंनीच घात केला. चष्मा लावून त्या लॅपटॉपपाशी वाकल्या. "अहो, यांच्या मागचा खिडकीचा पडदा तर हलतोय!"

काका माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मी हलले नाही. मग तेही हलेनात.

"चालू द्या तुमचं दोघांचं," काकू म्हणाल्या. "मी चहा टाकते."

आधी मला हसू फुटलं.

"मतलब तुम्ही सगळं ऐकलं?"

"सगळं. ते 'धत्' पण."

काकांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "मॅडमजी, समोर कोणी ऐकत बसलं ना, की माझा गळाच बंद होतो. लहानपणापासून असंच आहे."

मी त्यांना हसले नाही. त्यांच्या तानेच्या वेळी मी माझा कॅमेरा बंद करू लागले. काही महिन्यांनी तेच म्हणाले, "राहू द्या चालू. बघू."

यंदा त्यांच्या कॉलनीच्या गणपतीत काका गायला बसले. मी मागे, लोकांच्या आडोशाला उभी होते. ते एका तानेत अडखळले, पण थांबले नाहीत, आणि पुढची अशी घेतली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी माइक जवळ ओढला. "अजून एक घेऊ का?"

घेतली. मग अजून एक. गुरुजी पेटलेली निरांजनं घेऊन ताटकळत होते. अखेर काकूच उठून स्टेजपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "उतरा आता, आरती व्हायचीये!"

"बस, ही शेवटची," काका म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी पुन्हा सा लावला.