खटकन वाजणारा कॅमेरा

आसिमिनाचा कॅमेरा वाजतो, हे आमच्या गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. बटण दाबलं की आतला आरसा खटकन वर उडतो आणि तसाच खाली आपटतो. बाप्तिस्म्याच्या आधी मोठ्या मुश्किलीने निजवलेलं पोर त्या आवाजाने जागं होतं, आया तिला शिव्या घालतात, आणि तिच्याकडूनच फोटो काढून घेतात.

खाली शहरातली फिल्म धुण्याची लॅब बंद पडली तेव्हा तिथली तिची नोकरीही गेली. त्या वेळी तिने हा कॅमेरा घेतला. आतला सेन्सर जुन्या फिल्मएवढा मोठा, म्हणजे फुल फ्रेमच, पण त्या घराण्यातला सगळ्यात स्वस्त. दुकानदार म्हणाला, "बाई, यांच्यातला हा शेंडेफळ आहे." ती म्हणाली, "मीही शेंडेफळच. सगळ्यांची कामं मलाच करावी लागली." आणि गळ्यात अडकवून वर डोंगरात घेऊन आली. तेव्हापासून गावातली सगळी लग्नं तिचीच.

ऑगस्टमधल्या शनिवारी बेकरीवाल्यांच्या रोदान्थीचं लग्न होतं. आदल्या दिवशी कॉफीच्या दुकानात नवरदेवाचा आतेभाऊ पानोस अथेन्सहून येऊन बसला होता. त्याच्याकडे नवा, मुका कॅमेरा होता. त्याने आसिमिनाचा कॅमेरा हातात घेतला आणि उलटापालटा करून पाहिला.

"मावशी, यात कार्ड एकच बसतं? तेच मेलं तर?"

आसिमिनाने दृष्ट लागू नये म्हणून कार्डावर तीनदा थू थू केलं. "आता नाही मरत. पुढे बोल."

"हे फोकसचे ठिपके सगळे मधेच का गोळा झालेत? कडेला एकही नाही."

"मेंढ्या कशा दुपारी झाडाखाली जमतात, तसे. ते जिथे आहेत तिथे मी माणसाला आणते."

"आणि सलग फोटो? माझा एका दमात वीस काढतो."

"मी लग्नाला जाते रे, लढाईला नाही."

"बरं, पण हा आवाज! कोणीतरी पिंप आपटतंय असं वाटतं."

"असू दे. कोणाचं काही चोरून घेत नाही मी. घेते ते सांगून घेते."

पोराने हात टेकले. तो बोलला ते सगळं खरं होतं, हे तिलाही माहीत होतं. पण आमचं चर्च त्याने आतून पाहिलं नव्हतं. तळहाताएवढ्या खिडक्या, भिंती धुराने काळ्या, उजेड काय तो मेणबत्त्यांचा. फोनवर तिथे नुसता चिखल दिसतो. आसिमिनाच्या शेंडेफळाला मात्र तिथे वधूच्या पापण्यासुद्धा दिसतात. चर्चमध्ये फोटोच नकोत म्हणून नवे धर्मगुरू पापा आंथिमोस यांनी आल्या आल्या फ्लॅशला बंदी घातली. बाकीच्यांचे हात बांधले गेले, हिचं काहीच अडलं नाही. तेव्हापासून पापांचा तिच्यावर राग.

त्यांचा दुसरा राग पायावर. आमच्याकडे लग्नात बायबलमधलं एक पत्र वाचतात, आणि शेवटी शेवटी बायकोने नवऱ्याचा धाक बाळगावा अशी ओळ येते. त्याच क्षणी नवरीने नवऱ्याचा पाय तुडवायचा. मग चर्चभर हशा. तुडवला तर घरात तिचं चालणार. आमच्या बायका तो फोटो चुलीच्या वर लावतात आणि भांडण झालं की नुसतं बोट दाखवतात. आसिमिनाच्या स्वतःच्या लग्नात सासूने डोळे वटारले आणि तिचा पाय जमिनीवरच राहिला. पुढे नवरा असेपर्यंत तिने मान खाली घालून दिवस काढले, आणि त्याची चीड तिच्या मनातून अजून गेलेली नाही.

संध्याकाळी रोदान्थी रडवेली होऊन तिच्या दारात आली. "मावशी, पापांनी थिमिओसकाकांना सांगितलंय, ती ओळ पुटपुटून एका दमात उरकायची. मला कळूच द्यायची नाही. चर्चमध्ये सर्कस नको म्हणे."

थिमिओस हा चर्चमधला वाचक. बिचारा पापांच्या शब्दाबाहेर जात नाही.

"तुला नाही कळलं तरी मला कळेल," आसिमिना म्हणाली. "ते पत्र मला तोंडपाठ आहे. ओळ आली की माझा हा डबा वाजेल. वाजला की पाय उचल आणि आण खाली. इकडेतिकडे बघत बसू नकोस."

"नक्की वाजेल?"

"अगं, त्याला गप्प बसताच येत नाही!"

शनिवारी चर्चच्या दारात पापांनी तिला अडवलं. "आसिमिना, पत्राचं वाचन चालू असताना या डब्याचा आवाज आला, तर तू बाहेर. आणि पुन्हा माझ्या चर्चमध्ये एकाही लग्नाला यायचं नाही. समजलं?"

"समजलं, पापा," ती म्हणाली. गावात चर्च एकच. ते बंद म्हणजे तिचा धंदा बंद.

वाचन सुरू झालं तशी ती गुडघ्यांवर बसली. मधला ठिपका तिने रोदान्थीच्या पांढऱ्या बुटावर धरला, त्यामुळे वर सगळ्यांची डोकी कापली गेली. डोकी गेली खड्ड्यात! थिमिओस तोंडात सुपारी धरल्यासारखा पुटपुटत होता. पापा तिच्याकडेच बघत होते. ती नुसती उठून उभी राहिली असती तरी कोणी तिला नावं ठेवली नसती. रोदान्थीचा बूट जागच्या जागी चुळबुळत होता, वाट बघत होता. ओळ आली.

खटक!

बूट उचलला गेला आणि नवरदेव स्तेर्गिओसच्या चकचकीत बुटावर असा आदळला की तो "आई गं!" करून ओरडला. खटक! दुसरा फोटो निघाला. सगळं चर्च हसत होतं, थिमिओससुद्धा पुस्तकाआड तोंड लपवून हसत होता.

पापा हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बोट केलं. "बाहेर. आणि कायमची."

हसू थांबलं. आसिमिना उठली, गुडघे झटकले, आणि पापांकडे बघत पाठमोरी चालत उंबऱ्याबाहेर गेली. तिथेच थांबली.

"दार लावा!" पापा म्हणाले.

"दार तुमचं, पापा," ती बाहेरून म्हणाली. "अंगण गावाचं आहे."

कोणीतरी दाराची फळी ढकलायला गेलं. तेवढ्यात रोदान्थीची आई उठली, फळीला पाय लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हात तर लावून बघ!" फळी हलली नाही.

दोघांच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट चढले. नवरानवरीला हाताला धरून मेजाभोवती तीन फेऱ्या घालायच्या असतात, आणि ते काम पापांचंच. प्रत्येक फेरीला त्यांना दाराकडे तोंड करावं लागत होतं, आणि प्रत्येक फेरीला बाहेरून आवाज येत होता. खटक. पापांचे कान लाल झाले. खटक.

तिसऱ्या फेरीला रोदान्थीने पापांच्या हातातला हात सोडवून घेतला आणि ती थांबली. दाराकडे वळली. आत काळोख होता, मेणबत्त्या होत्या, आणि मुकुट घातलेली ती दाराच्या चौकटीत बरोबर मधोमध उभी होती, सगळे ठिपके असतात तिथे.

"काढ, मावशी," ती मोठ्याने म्हणाली. "वाजव."