बाबांची गाठ आणि नातीचा फ्रॉक

मैत्रिणींनो, आज घडलेलं लिहिते.

सकाळी नात स्वरा मी विणलेल्या क्रोशाच्या रंगीबेरंगी फ्रॉकमध्ये अडकली. डोकं आत, दोन्ही हात वर. गळा मी फार घट्ट विणला होता. ती रडायला लागली. मी घाबरून ओढलं, तसा तो आणखीच आवळला.

सून कातर घेऊन धावली. "आई, कापूया?"

"थांब," मी म्हटलं. दोन महिने खपले होते त्यावर. गळ्याशी मारलेली गाठ सुटते का बघत होते, पण ती बाबांची गाठ. आमच्या गावी, देवबागला, बाबा मासे पकडायची जाळी विणायचे, त्यांच्याकडून शिकलेली. ओढली की घट्टच होते.

मग साठ सालाच्या आसपासची ती सकाळ आठवली. बाबा होडीतून जाळं सोडत होते आणि किनाऱ्यावर माझा पाय त्यात गुंतला. होडी पुढे, मी फरफटत पाण्यात. बाबांनी उडी टाकली. "हलू नको गो," एवढंच म्हणाले आणि नवं कोरं जाळं कोयतीनं कापलं. आईला नंतर म्हणाले, "जाळा काय, परत विणूया."

मी सुनेच्या हातातली कातर घेतली आणि गळा उभा कापला. स्वरा बाहेर आली, लालबुंद, घामाघूम, आणि मलाच बिलगली.

आता ती झोपलीय. कापलेल्या जागी बटणपट्टी लावीन. पण एक सांगा, सहज सुटेल अशी एखादी गाठ येते का कुणाला? मला साठ वर्षांत एकच येते.