ऐन टोस्टच्या वेळी आवराआवर

आमच्या वसईतल्या उमेळ्याच्या नाक्यावरच्या क्रुसाची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता पाहुणे मी पाचशे म्हणेन, ते तुम्ही तीनशे धरा. हॉल एसी होता असंही म्हणेन, पंखे होते. तीन पंखे, त्यातला एक फिरत होता. पण बाकी सगळं शंभर टक्के खरं! हसू नका, चहा घ्या.

तर लग्न होतं भाचीचं. माझी मोठी बहीण फिलोबाय, तिची मुलगी जेनी. भावोजी जाऊन चार वर्षं झाली. आमच्याकडे रिसेप्शनला घरच्या कोणीतरी उभं राहून टोस्ट द्यायचा असतो. नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी पेले उंच करून त्यांच्या सुखासाठी प्यायचं. वडील नाहीत म्हटल्यावर मान जेनीच्या भावाचा, एल्विनचा.

आणि एल्विन कुठे? बोटीवर! भर समुद्रात! कॅप्टनच्या हातापाया पडून त्याने वीस मिनिटं इंटरनेट मिळवलं होतं. सव्वासात ते सात पस्तीस. मग तो ड्यूटीवर.

"डोमू, एवढं जमवशील ना रे?" फिलोबाय म्हणाली. "जेनी पप्पांवाचून उभी राहणार. निदान भावाचा आवाज तरी तिच्या कानावर पडू दे."

"फिलोबाय, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासलीत मी! आवाज काय घेऊन बसलीस? तुझा मुलगा बारा फूट उंच दिसेल!"

इथेच कोणीतरी माझ्या तोंडात केळं कोंबायला हवं होतं. वसईत केळ्यांचा काय तोटा?

आता माझा बेत ऐका. एक लॅपटॉप, त्यावर तीन प्रोग्रॅम. पहिला एल्विनला मोठ्या पडद्यावर आणणार. दुसरा बाजूच्या टीव्हींवर जेनीचे लहानपणापासूनचे फोटो दाखवणार. तिसरा स्पीकरवर मंद संगीत वाजवणार. तो अर्नाळ्याच्या भावेशच्या हाती, त्याच्या मोबाइलवरून चालवायला, कारण साऊंड सिस्टिम त्याची.

तिघांनाही पडदे हवेत, स्पीकर हवेत, इंटरनेट हवं. मग मी काय केलं? तिघांत मिळून एक सामाईक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे हो, तिन्ही प्रोग्रॅमनी मिळून वापरायच्या कोडची! आमच्या आळीची लग्नाच्या भांड्यांची कोठी आहे ना, अगदी तशी. टोप, पराती, डाव सगळ्या आळीचे मिळून. लागलं की कोठी उघडायची, काम झालं की भांडी घासून, पालथी घालून कुलूप लावायचं. लायब्ररीतही तोच नियम. प्रोग्रॅम सुरू होताना मांडामांड, संपताना आवराआवर. वर हौसेने आणखी एक कलम घातलं: मांडायच्या आधी कुणाचं काही पडलेलं दिसलं, तर तेही उचलून साफ करायचं. आईचे संस्कार, दुसरं काय!

घरी सगळं तपासून पाहिलं. पहिला प्रोग्रॅम चालवला, मस्त. बंद करून दुसरा चालवला, मस्त. तो बंद करून तिसरा, मस्त. तिन्ही एकदम चालवून बघावेत असं मला सुचलं का? सुचलं असतं तर हा किस्सा तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितला असता.

संध्याकाळ झाली. लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ फोटोत नको, म्हणून सगळं स्टेजलगतच्या टेबलाखाली, पांढऱ्या चादरीआड लपवलं. बरोबर सव्वासातला, कोठी अजून रिकामी असताना, तिन्ही प्रोग्रॅम एका झटक्यात चालू केले; पडदा उजळला आणि एल्विन आला. बारा फूट! हॉलभर टाळ्या. फिलोबायने पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांनी पेले उचलले. आणि आमच्याकडे टोस्टसाठी उचललेला पेला टोस्ट पुरा झाल्याशिवाय खाली ठेवत नाहीत, बरं का!

एल्विन म्हणाला, "जेनी, आज पप्पा असते तर..."

आणि पडदा काळा! स्पीकर मुके! टीव्ही कोरे! तिन्ही एकदम!

माझ्या पायाखालची फरशी सरकली. चोर आले? भूकंप झाला? वीज गेली म्हणावी तर तो एकुलता एक पंखा फिरत होता!

"काका, आवाज गेला!" भावेश ओरडला. "मशीनमदी पानी गेलं काय?"

"अरे, हॉलमध्ये पाणी कुठून येणार?"

"मंग?"

मंग काय, कप्पाळ! जेनीचा शेवटचा फोटो दाखवून झाला होता. फोटोंचा प्रोग्रॅम संपला आणि त्याने गुणी बाळासारखी आवराआवर केली. आपली एकट्याची नव्हे, सगळ्या कोठीची! पडदे पालथे, स्पीकर पालथे, इंटरनेट पालथं, वर कुलूप.

मी चादरीखाली हात घालून एल्विनचा प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. एल्विन उगवला.

"मामा, दिसतंय ना?"

"दिसतंय! बोल, बोल!"

"जेनी, आज पप्पा..."

गेला!

का? तर भावेशने इमानेइतबारे आपलं संगीत पुन्हा चालू केलं होतं. त्याच्या प्रोग्रॅमने मांडायच्या आधी काय करायचं? पडलेलं दिसेल ते साफ! आणि पडलेलं काय होतं? माझा भाचा!

मी एल्विनला आणला, भावेशचं संगीत मेलं. त्याने संगीत आणलं, एल्विन बुडाला. एका चुलीवर दोन जावा! ही आली की तिचं आधण उतरवते, ती आली की हिचं. एल्विन पाच वेळा उगवला, पाच वेळा मावळला. पाचही वेळा पप्पांच्या पुढे गाडी सरकली नाही.

आणि तेवढा वेळ तीनशे माणसं हात वर करून उभी! शेजारचे सायमन अंकल कण्हत म्हणाले, "डोमू, मी हात खाली घेऊ का रे? डॉक्टरांनी खांदा वर करायला मनाई केलीय."

"दोन मिनिटं, अंकल!"

"मघाशीपण दोनच म्हणालास!"

सात सत्तावीस. स्टेजवर जेनीचा चेहरा रडवेला. फिलोबाय माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, आणि ते तिच्या शिव्यांपेक्षा वाईट. तेवढ्यात माझी बायको रीटा कानाशी आली.

"काय झालंय ते एका वाक्यात सांग."

"ज्याचं काम संपतं तो सगळ्यांची कोठी आवरतोय."

"मग आपली पास्कूमावशी कुठाय?"

अहो, आमच्या आळीत भांडी आपोआप थोडीच सांभाळली जातात? कोठीच्या उंबऱ्यावर पास्कूमावशी बसलेली असते. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, तिच्या बोटांवर. "सगळ्यांचं झालं का गं?" असं विचारल्याशिवाय ती कुलपाला हात लावत नाही. मी टोप लिहिले, पराती लिहिल्या, कुलूपसुद्धा लिहिलं. मावशीच लिहायची विसरलो!

सुटलो तसा पोटावर सरपटत टेबलाखाली शिरलो. बोटं विजेसारखी चालली. आत येईल त्याला एक मोज, जाईल त्याला वजा कर, शून्य झालं तरच आवर. सात तेहतिसाला कळ दाबली. एल्विन आला, न अडखळता बोलला. जेनी रडत हसली, पेले ओठांना लागले, आणि फिलोबायने सगळ्यांदेखत मला मिठी मारली.

आवडलं ना? शेवटचा एवढा परिच्छेद खोटा आहे.

मी टेबलाखाली शिरलो इथवर खरं. दुसरी ओळ लिहितोय तर वर टाळ्यांचा कडकडाट! मला वाटलं, लोक निषेध करतायत. झालं होतं असं की फिलोबायने पर्समधला मोबाइल काढून एल्विनला साधा व्हिडिओ कॉल लावला होता. भावेशने आपला माइक लॅपटॉपकडे गेलेल्या वायरीतून उपटून थेट साऊंड सिस्टिमला जोडला आणि फोनला टेकवून धरला. एल्विन सगळं बोलला, पप्पांच्या पुढचंही. टोस्ट झाला, पेले रिकामे झाले, आणि मला कुणी हाकसुद्धा मारली नाही. मावशी लिहून व्हायला पुढचा रविवार उजाडला.

तो कॉल एल्विनने रेकॉर्ड करून ठेवलाय. त्यात जेनी आहे, फिलोबाय आहे, अख्खा हॉल आहे. आणि कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखालून बाहेर आलेले, जमिनीवर पालथे पडलेले माझे दोन पाय आहेत.

बोटीवरचे सगळे त्याला विचारतात म्हणे, "टोस्ट व्हायच्या आधीच पिऊन पडलेला हा कोण रे तुझा?"

एल्विन सांगतो, "नवऱ्याकडचा आहे."